हनुवटीवरचं बोट

यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांनी उभी हयात काढली, त्यांना घरीही तोंडाने बोलायची फारशी सवय राहत नाही. काकूंचं आणि काकांचं तसंच होतं. दोघांचे माग शेजारी शेजारी. त्या खडखडाटात तोंडाची वाफ दवडून उपयोग नसायचा, म्हणून शेडमधले सगळे हातांनी बोलत. धागा तुटला, चहा आला, मालक येतोय, सगळ्याला खुणा होत्या. माणसांनाही होत्या. काकूंच्या हनुवटीवर ठसठशीत तीळ, म्हणून त्यांचं नाव म्हणजे हनुवटीवर बोट. काकांनी ते बोट टेकवलं की पुढे बायकोची काहीतरी चेष्टा येणार, हे अख्ख्या शेडला ठाऊक होतं.

शेडमध्ये एक वेळ शिवी चालायची, पण बोलणाऱ्याकडे पाठ करणं चालायचं नाही. पाठ केली की समोरच्याचं बोलणंच बंद पडायचं. आणि त्या दिवशी काकूंनी नेमकं तेच केलं. काकांचं डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं. काकूंच्या हातांनी सांगितलं, डॉक्टरकडे चला. काकांच्या हातांनी सांगितलं, बघू नंतर. असं तीनदा झालं. काकूंचं टाळकं सटकलं. त्यांनी सरळ पाठ केली आणि आपल्या मागाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुन्हा वळल्या तेव्हा काका जमिनीवर पडलेले होते.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवा हात जड पडला आणि श्वासासाठी गळ्यात नळी बसवल्यामुळे आवाज गेला. ते अजून औषधांच्या गुंगीत होते तेव्हा काकूंनी एकदा हाक मारून पाहिली. आवाज शेडमध्ये कमावलेला. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट दचकून उठला आणि सिस्टर धावत आली. "काकू, जरा हळू हं," ती म्हणाली. रागावली नव्हती ती, पण काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. त्यात काही बिघडेल असं त्यांना वाटलंही नाही. हात होते की.

वॉर्डात एकालाच सोडत, म्हणून लेक बाळाला घेऊन बाहेरच थांबायची. काका शुद्धीवर आल्यापासून काकू रोज भेटीच्या वेळेला पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहत आणि हातांनी सगळं सांगत. लेकीचं बाळ रांगायला लागलंय, तुमच्या मागावर नवा माणूस आलाय, अगदीच ठोंब्या आहे. काकांची नजर त्यांच्यावरून सरकून भिंतीकडे जायची. एकदा काकूंनी त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी दचकून तो मागे ओढला. काकूंनी पुन्हा हात लावला नाही. माणूस रागावलाय हे सांगायला आणखी काय लागतं? मी पाठ केली, आता हे करताहेत. काकूंना आतून फार तुटलं, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं.

मग मेंदूच्या डॉक्टरांनी काकूंना आणि लेकीला बोलावून घेतलं. बिचारे भले गृहस्थ, सांगताना त्यांनाही जड जात होतं. "कानाशी जाऊन हात दाबा म्हटलं की ते दाबतात. पण बोटाकडे बघा म्हटलं की बघत नाहीत. घास पुढे केला की दचकतात. उभं करायला गेलं की अंग आखडून घेतात. मेंदूला मार बसल्यावर लक्ष लागायला वेळ लागतो, मान्य आहे. पण व्यायामाच्या वॉर्डात त्यांना ठेवायचं तर थोडी तरी साथ हवी. या आठवड्यात फरक पडला नाही, तर कायमच्या शुश्रूषेच्या केंद्रात हलवावं लागेल."

"आणि तिकडे गेल्यावर?" लेकीने विचारलं.

"तिकडे काळजी चांगली घेतात," डॉक्टर म्हणाले, आणि दोघी काय ते समजल्या.

दुसऱ्या दिवशी जावयाने गाडीतून सोडलं, म्हणून काकू भेटीच्या वेळेआधीच पोहोचल्या. सिस्टर ओल्या फडक्याने काकांचं तोंड पुसत होती. तिने मानेनेच काकूंना आत घेतलं. काकू नेहमीसारख्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

सिस्टर काकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, काही हवंय का?"

काकांनी डावा हात उचलला. तो हळूहळू वर गेला आणि एक बोट हनुवटीवर टेकलं. मग तळवा उताणा झाला आणि हवेत तसाच राहिला.

"रोज हेच करतात बघा," सिस्टर म्हणाली. "दाढी खाजते बहुतेक." आणि तिने मायेने त्यांची हनुवटी पुसून दिली.

काकूंनी ती खूण वाचली. ती कुठे आहे? शेडमधलं लहान पोरही ही खूण वाचू शकलं असतं. ती कुठे आहे, असं हा माणूस रोज विचारत होता. आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर, दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

काकूंनी हात हलवले. मी इथे आहे. काकांची नजर हलली नाही. काकू उजेडाच्या बाजूला सरकल्या, पुन्हा हात हलवले. काकांचा तळवा अजून उताणाच होता.

मग काकूंनी तोंडाचं कुलूप काढलं. "अहो, मी इथेच आहे. रोज येतेय मी."

अख्खा वॉर्ड हादरला. काकांचं तोंड आवाजाकडे वळलं, थोडं चुकलं, पुन्हा वळलं. सिस्टर काहीतरी म्हणणार होती, पण काकांचे डोळे वाहताना पाहून तिने फडकं बाजूला ठेवलं. काकूंनी त्यांचा हात धरला आणि आपल्या हनुवटीवर नेला. बोट चाचपडत तिळापाशी आलं आणि तिथेच थांबलं.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "यांना दिसत नाहीये."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्याच दुपारी आल्या. काकांच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, कपाळावर दिवा बांधून भिंगातून बराच वेळ आत पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या आत रक्त साचलं होतं. डोक्यात असा स्फोट झाला की तिथला दाब एकदम वाढतो आणि कधी कधी त्या दाबाने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक नसा फुटतात, त्यांनी समजावलं. बाहेरून डोळा लख्ख दिसतो. पेशंट बोलू शकत नसला की कुणाच्या लक्षातही येत नाही. मेंदूचे डॉक्टर शेजारीच उभे होते. "आम्ही डोक्यातच अडकून पडलो," ते म्हणाले. काकूंना त्यांचीही दया आली. आपण तरी काय वेगळं केलं होतं?

"नजर येईल?" काकूंनी विचारलं.

"थोडं थांबून बघू. रक्त आपोआप निवळलं तर उत्तमच. नाहीतर ऑपरेशन करून काढू. आशा चांगली आहे."

केंद्रात पाठवायची गोष्ट मागे पडली. आता आधी सांगून हात लावला की काका दचकत नव्हते. घास येतोय म्हटलं की तोंड उघडत, उठायचंय म्हटलं की उठायला बघत. काकूंचा आवाज वॉर्डाच्या अंगवळणी पडला. काकू दिवसभर बोलत. आयुष्यभराचं साठलेलं बाहेर पडत होतं, आणि काकांना पळून जायची सोय नव्हती. गळ्यातली नळी निघाल्यावर ते घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "जरा श्वास घे, बाई."

काकूंनी विचारलं, "दिसत नाही हे तुम्ही कुणाला खुणेनेही सांगितलं नाहीत?"

"डोकं फुटलं म्हणजे डोळे गेलेच, असं धरून चाललो. डॉक्टरांना ठाऊकच असणार," काका म्हणाले. मग पुढे म्हणाले, "आणि तू काही यायची नाहीस. बघायचं तरी काय होतं?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. त्या दिवसांत त्या सगळं बोलल्या, फक्त एक गोष्ट जिभेवर येऊन परत जायची. ती तोंडाने कधी सांगितलीच नव्हती कुणाला, तिचे शब्दच नव्हते त्यांच्याकडे. ती हातांत होती, आणि हात काकांना दिसत नव्हते.

रक्त काही निवळलं नाही. शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी काढली तेव्हा काका डोळा बारीक करून खिडकीकडे, छताकडे आणि मग पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघत राहिले.

"केस फार पिकलेत गं तुझे," ते म्हणाले.

काकूंचे हात वर आले. आधी हनुवटीवर बोट, म्हणजे मी. मग खांद्यावरून मागे वळलेला अंगठा, म्हणजे पाठ. मग छातीवर आडवी मूठ. चुकले मी.

"एकाच डोळ्याने बघतोय," काका म्हणाले. "नीट दिसलं नाही. परत कर."

काकूंनी पुन्हा केलं, या वेळी सावकाश. काकांनी मान हलवली, अजून नाही. तिसऱ्यांदा मूठ छातीशी नेता नेता काकूंची नजर त्यांच्या ओठांत दाबलेल्या हसण्याकडे गेली, आणि म्हाताऱ्याला पहिल्याच वेळी दिसलं होतं हे त्यांना कळलं.