जुबाराची फातिहा

माझा भाऊ जुबारा मेला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागला.

कल्तूमाच्या चहाच्या छपरीत सगळी गल्ली बातम्या बघते. पडद्यावर जुबारा दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून बसलेला. बातम्यावाली विचारते, "तब्येत कशी आहे?" तो म्हणतो, "बरी आहे, अल्लाची कृपा." मग पेलाभर पाणी पितो. त्यानंतर आमचे आयुक्तसाहेब येतात आणि सांगतात, निळ्या नाईलच्या काठी कॉलरा-बिलरा काही नाही, हे उन्हाळी जुलाब आहेत, परिस्थिती नियंत्रणात आहे.

नियंत्रणात म्हणे! ते चित्रण झालं त्याच दुपारी जुबाराने माझ्यासमोर मान टाकली. मयताला आंघोळ घालू दिली नाही, कफन दिलं नाही. चुना टाकून गावाबाहेर कुठेतरी पुरला. कुठे, ते सांगेनात. दवाखान्यातला कारकून उलट मलाच म्हणाला, "गावात साथच नाही, तर तुमचा भाऊ साथीने मेला कसा?"

आता कुणी म्हणेल, तो स्वतःच बरी आहे म्हणाला ना? आमच्याकडे तब्येत विचारली की छातीत सुरी घुसलेला माणूसही आधी बरी आहे म्हणतो. तू कसा, पोरं कशी, घर कसं, सगळं बरं, अल्लाची कृपा, असं चारदा झाल्यावर मग दुखणं काढायचं. जुबाराने दुखणं काढायच्या आतच त्यांनी कॅमेरा बंद केला.

मी दारापुढे मांडव घातला, चटया अंथरल्या. मयताच्या घरी येणारा आधी दोन्ही तळवे वर धरून फातिहा म्हणतो, मग बसतो. ती झाल्याशिवाय माणूस गेला असं कुणी धरत नाही. लोक आले, बसले, पण हात कुणी वर करेना.

"राग मानू नकोस सित्तना बये," शेजारची हाजा बतूल माझ्या कानाशी लागली. "जित्या माणसावर फातिहा म्हटली तर आमच्या पोराबाळांवर उलटेल."

"जिता? त्याचे डोळे मी मिटले, या हातांनी!"

"अगं, काल संध्याकाळी पाणी पीत होता की. दाढीपण वाढलीय जराशी."

ती दाढी मलाही वाढलेली दिसली होती. मी कुणापाशी बोलले नव्हते.

मी तोंडाची फटकळ, गप्प बसणारी नव्हे. माझ्या भावाला गावाची एक फातिहा मिळू नये? तडक आयुक्तांच्या कचेरीत गेले. तिथे तीच बातम्यावाली बसली होती, चेहऱ्यावर पावडरीचा थर.

"बोला ना मावशी, सगळं बोला," ती म्हणाली. कॅमेरा लावला. "कशा आहात?"

"बरी आहे, अल्लाची कृपा," सवयीने तोंडातून गेलं. मग मी सगळं ओकले. चुना, कफन, लपवलेली कबर. कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "माझा भाऊ मेलाय. त्याची फातिहा म्हणा." घसा कोरडा पडला तेव्हा तिने पाणी दिलं, मी प्याले. फार मायाळू वाटली मेली.

माझं बोलणं दाखवतील म्हणून मी वाट बघत राहिले. तोवर टीव्हीवर आणखी माणसं बरी व्हायला लागली. होडीवाल्याची बायको, शाळेचे मास्तर. चादरीत गुंडाळून नेताना गल्लीने ज्यांना पाहिलं होतं, तेच. सगळे हसत होते, पाणी पीत होते. परत मात्र कुणी आलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. टीव्हीवर बरा झालेला माणूस घरी येत नाही, हे गावाला कळलं. बातम्या लागल्या की छपरीत चिडीचूप व्हायचं, पेल्याला चमचासुद्धा लागत नसे.

एके संध्याकाळी मी छपरीत पोचले तर सगळ्यांचे तळवे वर होते. टीव्हीकडे तोंड करून माणसं फातिहा म्हणत होती. मला भरून आलं. म्हटलं, पटलं एकदाचं! आता जुबाराची पाळी येईल.

मग मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मी होते. "बरी आहे, अल्लाची कृपा," असं म्हणून मी पाणी पीत होते. पुढचं एक अक्षर त्यांनी ठेवलं नव्हतं.

"अगं कल्तूमा, मी इथे आहे!" मी ओरडले.

कल्तूमाने मागे पाहिलं आणि घाईने मान फिरवली. तिचे ओठ जास्तच भरभर हलायला लागले.

"काय झालंय काय तुम्हाला? मला काही झालेलं नाही. बरी आहे मी!"

बरी आहे म्हटलं मात्र, बतूलने अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर तोंडावर ओढला. भिंतीकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "जा बये आता. शांत हो. तुझं सगळं आम्ही नीट करतो."

आणि केलंही. सकाळी माझ्या दारापुढचा मांडव माणसांनी भरून गेला. येणारा प्रत्येक जण तळवे वर करत होता, फातिहा म्हणून सित्तनासाठी क्षमा मागत होता. मी एकेकाच्या बाह्या ओढल्या, शिव्या दिल्या. वारा लागावा तसं लोक अंग चोरून घेत होते. कल्तूमाने सगळ्यांना चहा दिला, मला नाही. संतापाने मी ढसाढसा रडले. कुणी गप्प केलं नाही.

दुपारी पुन्हा माणसं आली, पुन्हा तळवे वर झाले. या वेळी मी बतूलशेजारी चटईवर बसले आणि माझेही हात वर केले. ते सित्तना म्हणाले, मी जुबारा म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

आमीन सगळ्यांनी मिळून म्हटलं.