माहेरचा विषय पाडव्यानंतर

आकाराम शाहूपुरीतल्या गुळाच्या बाजारात सौद्याचे भाव पुकारायचा. त्यानं पुकारलेला भाव पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळात ऐकू जातो, असं लोक म्हणत. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नसे. माझं घर त्याच्या शेजारी होतं.

घरात पुकारायचं काम त्याची बायको बयाबाई करायची. भांडण सकाळी चहाबरोबर निघे. विषय ठरलेले: आमटीतलं मीठ, आकारामची तपकीर आणि सणासुदीला बयाबाईचं माहेर. तिच्या भावानं लग्नात दिलेला बैल लंगडा निघाला होता. बैल केव्हाच मेला, भांडण मात्र धडधाकट होतं. शेवट नेहमी एकच. बयाबाई ओरडायची, "जावा, मरा जावा तिकडं!" मग आकाराम फेटा बांधून बाजारात जायचा आणि गल्लीतले आम्ही घड्याळं लावून घ्यायचो.

चोपन्न सालच्या संक्रांतीनंतर एका सकाळी सगळं असंच झालं आणि आकाराम भर सौद्यात छाती धरून खाली बसला. बायकोचं बोलणं त्यानं इतकं मनावर घेतल्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर अंबादास आले. त्यांनी सुई दिली, काळजाचा झटका आहे म्हणाले, आणि दीड महिना खाटेवरून उठायचं नाही असं सांगितलं. त्या काळी उपाय तोच होता. जाताना बयाबाईला म्हणाले, "त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

ते वाक्य तासाभरात गल्लीभर झालं. आमच्या कोल्हापुरात गोड बोलायची ऐपत वर्षातून एक दिवस, तीही हातावर तिळगूळ असेल तर. इथं सगळी गल्ली रोज गोड बोलायला लागली. चिमणाबाई मुळे विकायला यायची, ती आकारामच्या दारापाशी आली की "मुळं घ्या" असं कानात सांगितल्यासारखं म्हणायची. आणि बयाबाई? ती नवऱ्याला "जरा घेता का" म्हणत पेज भरवायची. असला आवाज तिच्याकडे होता हे तिलाही माहीत नसावं.

आकाराम दिवसेंदिवस वाळत चालला. जेवण सुटलं. एके दिवशी त्यानं मला बोलावून आपली तपकिरीची डबी माझ्या हातात ठेवली. "काका, आठवण ऱ्हाऊ दे." मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मेव्हण्याला निरोप धाडला, की बैलाचं मी मनात ठेवलेलं न्हाय. ते ऐकलं आणि मी चपला पायात घालून थेट डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी येऊन आकारामची नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि स्टूल ओढून बसले.

"काळीज बरं चाललंय. तुम्हाला काय झालंय?"

"काय न्हाय. निघालोय," आकाराम म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? महिना झाला, ही माज्यासंगं गोड बोलतीया."

डॉक्टरांनी बयाबाईकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला. "तुमीच म्हणालासा, तरास देऊ नगा. आन ह्यो तरास माज्याच तोंडानं झालाय, डाक्टर. मरा म्हटलं न्हवं मी त्या दिवशी."

आकाराम खाटेवर अर्धा उठला. "आगं येडे, ते तू रोज म्हणतीस की! रोज मेलो आसतो मग."

डॉक्टरांनी नळी गुंडाळून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. काय करू नका ते सांगितलं, झालंय काय ते सांगायचं राहिलं." त्यांनी आकारामचा उजवा हात हातात घेतला. मनगटावर भाजल्याचा जुना चट्टा होता.

"हा कशाचा?"

"गुऱ्हाळात. ल्हान हुतो. उकळता रस उडाला."

"मूठ आवळा बघू. दुखतं?"

"आता कशाला दुखंल?"

"असाच एक चट्टा तुमच्या काळजावर पडलाय. तो आता भरून येतोय. तेवढ्या चट्ट्याला जोर नसतो, बाकीचं काळीज काम करतं, या हातासारखं." मग ते बयाबाईकडे वळले. "आणि बाई, शब्दानं काळजाची शीर बुजत नाही. ती आतल्या आत कैक वर्षं बुजत आली होती. तुम्ही त्या दिवशी देवाचं नाव घेत बसला असतात, तरी बुजली असती."

बयाबाईनं पदर खाली घेतला. हे तिला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ती रडली.

"मग मी परत पुकारीन?" आकारामनं हळूच विचारलं.

"पुकाराल. पण बेतानं. आधी घरात सवय करा." डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "आता मिठावरून भांडा. बसून. दम लागला की थांबायचं. पंधरा दिवसांनी तपकीर. भांडण तपकिरीवरून, ओढायची मात्र नाही. माहेरचा विषय गुढीपाडव्यानंतर. छातीत कळ आली तर मला बोलवा."

मीठ आकारामला जमलं, बयाबाईला जमेना.

"आमटी खारट हाय," तो म्हणायचा.

"आसंल," ती म्हणायची आणि त्याच्या छातीकडे बघत बसायची.

"आगं, बोल की काय तरी! डाक्टरनं सांगितलंय!"

"बोलते. तुमी आदी जेवा."

तपकिरीला तिचा आवाज भिंतीपर्यंत आला. आम्ही भिंतीला कान लावूनच होतो.

पाडव्याला गुढी उभारून झाली. आकाराम कट्ट्यावर बसला होता. बयाबाई कडुलिंब आणि गूळ घेऊन आली. तो म्हणाला, "तुज्या भावाचा बैल..."

तिनं कडुलिंब त्याच्या पुढ्यात ठेवला. "डाक्टर म्हणालं, पाडव्यानंतर. आज पाडवा हाय."

"मग उद्या?"

"उद्या बघते तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भांडं आपटल्याचा आवाज झाला. "माज्या भावानं निदान बैल तरी दिला! तुमी काय दिलंसा? ह्यो कानठळ्या बसवणारा आवाज? जावा..."

आणि ती थांबली. पुढचा शब्द सगळ्या गल्लीला पाठ होता. चिमणाबाई डोक्यावरच्या बुट्टीसकट रस्त्यात उभी राहिली.

"जावा की आता बाजारात!" बयाबाई ओरडली. "आन जेवायला वेळंवर या!"

आकाराम फेटा बांधून बाहेर आला. चाल सावकाश होती. माझ्या दाराशी थांबून त्यानं चट्ट्याचा हात पुढे केला.

"काका, डबी द्या माजी. रिकामीच द्या. हिचं लक्ष हाय."