उजवीकडची खुर्ची

ऑरिनने शेडचं दार ढकललं आणि आतल्या विमानाकडे बोट दाखवत बायकोला म्हणाला,

"मोज. एक, दोन. आता तरी?"

व्हर्नाने दोन्ही इंजिनांकडे पाहिलं आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. गेल्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या ऐन मध्यावर त्यांच्या एका इंजिनाच्या विमानाला खोकला लागला होता. किनारा गाठला खरा, पण तेव्हापासून ती विमानात चढली नव्हती. सरोवरापलीकडे लेक बाळंत झालेली. मोटारीने वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडायचा. आणि एकट्याने उडायचं ऑरिनच्या जिवावर यायचं. उजवीकडच्या खुर्चीत जन्मभर तीच बसत आलेली. ती खुर्ची रिकामी दिसली की त्याला उगाच पोरकं वाटे. म्हणून उतारवयात हा दोन इंजिनांचा घाट.

"वाऱ्याशी पैज लावेल," लीरॉय म्हणाला. विमानं विकण्यात त्याची हयात गेली होती आणि जिभेला हाड नव्हतं. "एक रुसलं तर दुसरं आहेच. बायका रुसल्या की ही सोय नसते! बसून तर बघा, बाईसाहेब."

व्हर्ना बसली. समोर हात नेला, तर तिथे काहीच नव्हतं.

"माझ्यापुढे स्टिअरिंग कुठंय?"

"यात एकच. खिट्टी ओढली की आडवं फिरून तुमच्याकडे येतं," लीरॉय म्हणाला.

"खिट्टी कोण ओढणार?"

"कोण म्हणजे? ऑरिन!"

"आणि त्याला नाही ओढता आली तर?"

लीरॉयने ऑरिनकडे पाहिलं.

"अगं, पण इंजिनं दोन..." ऑरिन म्हणाला.

"इंजिनाचं कोण बोलतंय? त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते. पांढराफटक पडला होतास. म्हटलं, याला काही झालं तर? माझ्या हातात कॉफीचा थर्मास, खाली नुसतं पाणी. इतकी वर्षं शेजारी बसले, पण हे खाली कसं उतरवायचं ते मला ठाऊक नाही. तू शिकवलं नाहीस, मीही मागितलं नाही."

आपण तिला आरामात ठेवलंय याचा ऑरिनला केवढा अभिमान होता! त्याला तिची माया दाटून आली आणि स्वतःची लाजही वाटली.

"पलीकडच्या शेडमधलं दाखव," तो लीरॉयला म्हणाला.

"ते म्हातारं? स्टिअरिंगं दोन आहेत, पण चाल बैलगाडीची. काल तूच नाक मुरडलंस!"

"उशिरा पोचू. दाखव."

त्या म्हाताऱ्या विमानाचा रंग उडाला होता. दार एकच, उजव्या पंखावरून. आधी चढतो तो सरकून डावीकडे, वैमानिकाच्या जागी बसतो. मागून येणारा उजवीकडे. ऑरिन सवयीने पंखावर चढला, एक पाय आत टाकला आणि थांबला. मग पाय मागे घेऊन हळूच खाली उतरला.

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही. आधी तू चढ."

व्हर्नाने उघड्या दारातून डावीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने आपली पर्स त्याच्या हातात दिली आणि पंखावर पाय ठेवला.