ट्रूई आत्याची पांढरी डेझी

"आजच खुडते मी! वारं सुटलं तर डेझीचं बी तू मला आनून देनार हाइस का?" ट्रूई आत्या वाफ्यात उकिडवी बसून माझ्यावर खेकसली.

"आत्या, हात लावू नगंस. बोंडं अजून हिरवी हाईत. उद्या परभूभोजन हाय. परवा सकाळी दोगी मिळून खुडू."

"परवा! तवर वारं काय तुजी वाट बगत बसनार हाय?"

"आन् गेल्या साली काय केलंस? भ्यालीस आन् कच्चंच खुडलंस. डबाभर पेरलं, उगवलं किती? ह्यो येवढासा वाफा!"

तरी तिचा हात बोंडावरून निघता निघेना.

वसंतात दक्षिण आफ्रिकेतल्या कामिसबर्ग डोंगराच्या आमच्या उतारावर डेझी फुलते ती सगळी नारिंगी. पांढरी असायची फक्त आत्याच्या आईच्या कुरणात. दुष्काळावर दुष्काळ पडले, उरलंसुरलं शेळ्यांनी ओरबाडलं आणि पांढरी रानातून नाहीशी झाली. आत्यानं शेवटची काही बोंडं परसात आणली, काट्यांचं कुंपण घातलं आणि दर साली पावसाआधी वाळूत पेरून, फुललं की बी धरून ती जात जगवली. आता सगळं बी त्या वाफ्यात उभं होतं. वाफा गेला की पांढरी डेझी गेली.

आणि आत्याला भीती पूर्वेच्या वाऱ्याची. वाळवंटाकडून येतो तो, भट्टीचं दार उघडावं तसा. हिरवं बोंड अर्ध्या दिवसात वाळवतो आणि लगेच झोडपून रिकामं करतो. डेझीचं बी कागदाच्या कपट्यासारखं चपटं. एकदा उडालं की समुद्रापर्यंत थांबत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चला गेलो. पाळक आमच्या गावाला क्वचितच येतो, म्हणून प्रभुभोजनाला, प्रभूच्या मेजावरची भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, कोणी चुकत नाही. बायकांनी काळा लोकरी पोशाख, पांढरी टोपी आणि काळे लांब मोजे घालायचे. पुढच्या खुर्चीवर मंडळीचा पंच आबेल क्लोएते तोंड आमच्याकडे करून बसतो. तो बघायला लागला की आलेला खोकलासुद्धा गिळावा लागतो. मेजाकडे पाठ फिरवून कोणी उठलं तर तो त्याला मंडळीतच ठेवणार नाही, हे सगळ्यांना माहीत. आत्या तर त्याच्या सावलीलाही भ्यायची.

पहिलं स्तोत्र संपलं आणि छपराचा पत्रा खडखडला.

आत्याची बोटं माझ्या मनगटात रुतली. "लेना, आलं."

"मांजर आसंल."

"मांजर न्हाई गं. गरम लागतंय तोंडाला."

दाराच्या फटीतून धूळ आत सरपटत आली. थांब म्हणणारी मीच. वाफा गेला तर आत्या मला एका शब्दानंही दोष देणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

भाकरीचं ताट आमच्या बाकाकडे सरकत होतं. पत्रा आता थांबतच नव्हता. आत्या उठली.

"ट्रूई, खाली बस," पंच म्हणाला.

"बसते," आत्या म्हणाली आणि खरंच बसली. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली. तेवढ्यात वाऱ्यानं पत्र्याची एक कड उचलून धाडकन आपटली. आत्या पुन्हा उठली, ती थेट दाराबाहेर. तिच्यामागं मी.

परसात पोचलो तर कुंपणाची काटेरी झुडपं शेजारच्या गाढवांपाशी जाऊन पडलेली. कडेची बोंडं उकलली होती. पहिलं बी माझ्या गालाला चाटून गेलं आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"मोजं काड!" आत्या ओरडली.

भर उजेडात, उघड्यावर, दोघींनी मोजे ओढून काढले. हाताला लागतील ती बोंडं आत कोंबून गाठी मारल्या. मोजे संपले, बोंडं संपेनात. मग आत्या हात पसरून वाफ्यावरच पालथी पडली, घेरदार झगा चारी बाजूंनी पसरून.

"अगं, फुफाटा जाईल नाकात!"

"बोलू नगंस. टोकावर दगड ठेव झग्याच्या."

मी दगड ठेवले आणि तिच्या डोक्याशी बसले. ऊन कलेपर्यंत वारा गरगरत राहिला. मधूनच ती विचारायची, "उडतंय का गं?" मी नाही म्हणायची. उडत होतं.

संध्याकाळी वारा पडला.

"ऊठ आत्या."

"न्हाई. खाली काय उरलंच नसलं तर?"

"उठल्याबिगर कसं कळंल?"

"मग तूच बग. आन् मला सांगू नगंस."

मी झग्याची कड उचलली. बोंडं चेपली होती, पण बी होतं. वाळूत होतं, लोकरीला चिकटून होतं, चुण्यांत साठलं होतं. मला रडूच फुटलं. आत्यानं त्याचा उलटा अर्थ घेतला आणि तीही रडायला लागली.

तेवढ्यात फाटक वाजलं. पंच आला होता, काखेत बायबल घेऊन.

"ट्रूई! परभूच्या मेजाकडं पाठ फिरवून तू..."

"हलू नगा!" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली की मीही दचकले. "पाय हाय तितंच ठेवा. बी हाय खाली."

आबेल क्लोएते एक पाय अधांतरी धरून उभा राहिला. आत्यानं झग्यावरचे दगड सारले आणि ती अनवाणी, केसांत धूळ, गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेली. त्याच्या विजारीचं दुमडलेलं टोक उलटं करून एकेक बी वेचायला लागली. दिवसभर त्या वाऱ्यात हिंडलेल्या माणसाच्या विजारीत पुष्कळ सापडलं. तोल जाऊ नये म्हणून त्यानं माझा खांदा धरला.

"पुडच्या बारीला मेज बंद तुला," तो म्हणाला. पण आवाज बारीक.

"बरं," आत्या म्हणाली. "टाच उचला."

मोज्यांतलं, झग्यातलं मिळून बी जेमतेम कपभर भरलं. आत्यानं त्यावर बशी झाकली, बशीवर दगड ठेवला. मग दगड काढला आणि कप मांडीवर घेऊन बसली.

"लेना, आपल्या घरात उंदीर हाईत का गं?"

"हाईत की."

"मग आज मी झोपत न्हाई," ती म्हणाली आणि कप दोन्ही हातांनी घट्ट धरला.