दहा वर्षं धर

“काका, महिन्याचं रनिंग किती होईल?” अंकितानं विचारलं.

शोरूममधली ही पोरगी मोठी गुणाची. आल्या आल्या तिनं मला सोफ्यावर बसवलं, माझ्या दंडाच्या पट्टीकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि टॅब मांडीवर घेऊन आमच्या ह्यांच्यासमोर बसली.

“आठवड्याला तीन येळा सांगली,” हे म्हणाले. “विट्यापास्नं पंचावन्न किलोमीटर. जाऊन येऊन एकशेधा.”

“म्हणजे महिन्याला चौदाशे धरू. रोजचं कामाचं येणंजाणं का?”

“कामाचंच म्हणायचं.”

काम माझं. पूर्वी आमच्याकडच्या बायका धुणं घेऊन ओढ्यावर जायच्या, मी रक्त घेऊन सांगलीला येते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास मशीनला जोडून पडायचं आणि धुऊन झालं की घरी जायचं. पावणेदोन वर्षं झाली. डायलिसिसनंतरचा थकवा सांगून कुणाला कळत नाही. धड झोप लागत नाही आणि धड जागंही राहवत नाही. आजही तिथून उठून सरळ इथं आलो होतो, कारण ह्यांना गाडीचं आजच्या आज ठरवायचं होतं.

आतापर्यंत आम्ही बिराप्पाच्या भाड्याच्या गाडीनं यायचो. माणूस भला, पण गाडीचे पाटे मेलेले. तासगाव येईपर्यंत कंबर दुखायची, तासगावच्या पुढं डोकं. तरी मी कधी गाडी घ्या म्हटलं नव्हतं. यांनीच मागच्या महिन्यात विषय काढला. त्या दिवशी सकाळी माझी छातीची तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी यांना एकट्यालाच केबिनमध्ये बोलावलं होतं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “हार्ट जरा दमलंय म्हनं. बाकी सगळं ठीक हाय.” आणि संध्याकाळी जेवताना, भाकरी मोडता मोडता म्हणाले, “आपन नवी गाडी घिऊया.” मी कशाला विचारतेय? काही गोष्टी विचारल्या की उत्तर ऐकावं लागतं.

अंकितानं दोन गाड्या दाखवल्या होत्या. दिसायला दोन्ही सारख्याच, उंच आणि ऐसपैस. एक साधी पेट्रोलची. दुसरी हायब्रिड, म्हणजे निम्मं काम पेट्रोल करतं आणि निम्मं बॅटरी. हायब्रिडला साडेतीन लाख जास्त. कोइमतूरहून आमच्या मुलाचा, ऋषिराजचा, फोनवर फोन चालला होता, हायब्रिडच घ्या म्हणून. ह्यांचं मन काही ठरत नव्हतं. शेवटी अंकिता म्हणाली, एक चक्कर मारून तर बघा.

हायब्रिडमधून आम्ही विश्रामबागच्या चौकापर्यंत गेलो आणि परत आलो, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी झोपले होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही की थरथर नाही. शोरूमचं फाटक ओलांडलं एवढंच आठवतं. डोळे उघडले तर हे पुढच्या सीटवरून मागं वळून माझ्याकडे बघत होते, आणि गाडी केव्हाची शोरूमच्या दारात उभी होती. उठवलं नाही म्हणून मी रागावले, तर शोरूमचा ड्रायव्हर म्हणाला, “काकाच म्हणाले, राहू दे.” कितीतरी महिन्यांत मला तशी झोप लागली नव्हती.

“आता हे बघा काका,” अंकितानं टॅब ह्यांच्याकडे वळवला. “चौदाशे किलोमीटरला हायब्रिडचं पेट्रोल महिन्याला पावणेचार हजारांचं वाचतं. म्हणजे वरचे साडेतीन लाख वसूल व्हायला पावणेआठ वर्षं लागतील. त्याच्यापुढं सगळा फायदाच. फक्त मला सांगा, गाडी किती वर्षं वापरणार? एवढंच रनिंग किती वर्षं राहील?”

बिचारीला काय ठाऊक, ती काय विचारतेय. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. दोन घोट घेऊन मी तो सरकवला, आणि सवयीप्रमाणे उरलेलं पाणी ह्यांनी पिऊन टाकलं. मला दिवसाला लिटरभरच पाणी, त्यामुळे माझं उरलेलं सगळं हे पितात. ग्लास खाली ठेवायला ह्यांनी बराच वेळ घेतला.

“धा,” हे म्हणाले. “धा वर्षं धर.”

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. ह्या माणसानं कोइमतूरला एकतीस वर्षं गलाईचं दुकान चालवलं. लोकांचे दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं आणि टंच, म्हणजे सोनं किती कसाचं ते, सांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, नाथाजीशेठ, अंदाजानं सांगा की किती निघंल. हे म्हणायचे, वितळल्याबिगार तोंड उघडत न्हाई. अंदाजानं बोलायला नको म्हणून चांगली चांगली गिऱ्हाइकं हातची घालवली, आणि त्यावरून माझी किती बोलणी खाल्ली. तोच माणूस आज त्या टॅबला बिनदिक्कत दहा वर्षं सांगून बसला. मला हसूही आलं आणि मायाही आली. वाटलं, असू दे. साडेतीन लाखांत ह्यांना दहा वर्षं मिळत असतील तर महाग कुठं आहेत? आणि खोटं कशाला बोलू, मला ती गाडी हवी होती. ती झोप हवी होती.

“मग हायब्रिडच परवडते काका!” अंकिता खुलली. “बुकिंग करूया? फक्त एक आहे, हायब्रिडला पाच महिने वेटिंग आहे. साधी तयार उभी आहे, ती मंगळवारी देते.”

“पाच?”

“हो, मागणी खूप आहे ना. म्हणजे जून धरा.”

दहा वर्षं घडाघडा सांगणाऱ्या माणसाला पाच महिने म्हणता येईनात. ह्यांनी आधी टॅबकडे बघितलं, मग माझ्या दंडाच्या पट्टीकडे, मग दाराबाहेर.

“जरा लवकर न्हाई का व्हनार?” आवाज एकदम खाली आला होता. “वर काय पैसं लागलं तर देतो की. बघ की बाई कुनाला तरी इचारून.”

“पैशांचा प्रश्न नाही हो काका. कंपनीतूनच गाडी येत नाही.”

“महिन्यात? दीड महिन्यात?”

डॉक्टरांनी केबिनमध्ये ह्यांना काय सांगितलं, ते मला त्या क्षणी कळलं. नीट, स्पष्ट कळलं. चालून दमलेल्या माणसाला अजून किती चालायचंय ते समजावं, तसं थोडं बरंच वाटलं. मग ह्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मात्र आत तुटलं. महिनाभर हा माणूस ते एकटा पोटात घेऊन हिंडत होता. बिराप्पाशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होता, माझ्या गोळ्या डब्यांत भरत होता, आणि आता एका परक्या पोरीपुढं दिवस कमी करून मागत होता.

ह्यांच्या तोंडून साधी गाडी द्या हे निघणार नव्हतं. निघालं असतं तर मग घरी जाऊन आम्ही एकमेकांकडे बघायचं कसं?

“आवं, मी काय म्हंते,” मी म्हणाले. “आपन साधीच घिऊया.”

“का? मगाशी झोप लागली की तुला.”

“कुटली झोप? आवाजच येत न्हाई त्या गाडीला. गाडी चालू हाय का बंद, कळंना. मला लय भ्या वाटाय लागलं, म्हून डोळं मिटून घेतलं.”

“काकू, सवय होते हो त्याची,” अंकिता म्हणाली.

“नगं बाई. आमी जुनी मानसं. घरघर ऐकू आली की बरं वाटतं. ती पांढरी उभी हाय न्हवं, तीच द्या मंगळवारी. बुधवारी मला तिच्यातनंच यायचंय.”

मागं वळून वळून ह्यांनी मला झोपलेलं बघितलं होतं. माझं घोरणं ऐकलं असणार. पण बायको खोटं बोलते म्हणून भांडायला हवं होतं, तर हे हळूच म्हणाले, “बरं. तू म्हंतीस तर.” आणि इतक्या लगेच म्हणाले, की मी मान खाली घालून पदराचा काठ सारखा करत बसले.

अंकिता ह्यांना बुकिंगचे पैसे भरायला आत घेऊन गेली. काउंटर काचेच्या पलीकडे होता. मी सोफ्यावर टेकून डोळे मिटणार, तेवढ्यात ह्यांनी तिथून वळून बघितलं. मी हात वर केला. हे पुढं वळले. चार शब्द लिहिले असतील नसतील, पुन्हा वळून बघितलं. सही करताना बघितलं, कार्ड देताना बघितलं. सारखा हात वर करण्याएवढं बळ माझ्यात नव्हतं. मग मी सोफ्याची पाठ सोडली, सरकून पुढं आले आणि ताठ बसून राहिले, म्हणजे तिथून मी ह्यांना जागी दिसत राहीन.