हार्नेलसाहेबाचे कान

मानोऱ्याच्या डाकबंगल्यामागं चंपत माळ्याचा मळा होता. बंगल्यात कोणी साहेब उतरला की त्याची भाजी चंपतच्या बायकोच्या, गिरजाबाईच्या टोपलीतून जायची. असे साहेब तिनं पुष्कळ पाहिले होते. कोणी शिकारीला आलेला, कोणी सडकेचं काम बघायला. चार दिवस राहायचे, गावातल्या कोंबड्या फस्त करायचे आणि निघून जायचे. हार्नेलसाहेब मात्र गाणी ऐकायला आला होता. हे कळल्यावर गिरजाबाई पदराआड हसली होती.

शाळेवरचे शालिग्राम मास्तर इंग्रजी जाणणारे. त्यांनी साहेबाची सगळी हकीकत काढून घेतली. बाप विलायतेत एका लहानशा गावच्या चर्चात वाद्य वाजवायचा. पोरगा त्याच्या मांडीवर बसून सूर शिकला. पुढं जर्मन लढाईत गेला, जिवंत परतला आणि गाणी बांधायला लागला. शब्दांची नव्हे, नुसत्या सुरांची, पन्नास माणसांनी मिळून वाजवायची. मग लंडनच्या रेडिओवर बोलू लागला. अमुक गाणं कसं बांधलंय, त्यात कुठं कान द्यायचा, ते लोकांना उलगडून सांगायचा.

"घराघरातल्या बाया हातचं काम टाकून त्याईचं बोलनं आयकत," मास्तर म्हणाले. आता दिल्लीच्या रेडिओनं त्याला बोलावून घेतलं होतं. तिथून रजा काढून तो पोहरादेवीकडच्या तांड्यांवर बंजारा बायांची गाणी ऐकायला आला, आणि वाटेत चंपतच्या मोटेवर अडकला.

मोट हाकताना चंपत गायचा. बैल उताराला लागले की सूर ताणायचा, पाणी थारोळ्यात कोसळलं की सोडून द्यायचा. साहेब उजाडताच विहिरीवर येऊन बसे, कागदावर रेघा ओढून त्यावर टिंबं मांडी. मग तीच ओळ स्वतः म्हणून दाखवी. शब्द सगळे वाकडे, पण सूर असा नेमका की उभे बैल चालायला लागत.

"माह्याच गळ्यातून बोलून राह्यला हा मानूस, गिरजे," चंपत म्हणायचा. मोटेवरच्या त्याच्या आरोळ्यांना आजवर कोणी गाणं म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर साहेबाला हिवताप भरला. खानसामा देवला आधीच तापानं पडलेला, मास्तर सुटीत सासुरवाडीला अकोटला गेलेले. मंगरूळहून डॉक्टर आला. त्यानं साहेबाची नाडी पाहिली आणि गोळ्यांची बाटली काढली.

"हे कोयनेल, क्विनीन. सकाळ, दुपार, संध्याकाळ द्यायचं. ताप डोक्यात चढतो आहे. एक वेळ जरी चुकली, तरी साहेब हातचा गेला म्हणून समजा. कोण देणार?"

गिरजाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कोणी नव्हतंच.

"मी देतो जी," ती म्हणाली.

तिनं नेमानं दिलं. मळा सोडून ती बंगल्यातच राहिली, कपाळावर ओल्या घड्या ठेवत, भाताची पेज पाजत. पुढं पुढं साहेब दोन्ही कान दाबून धरू लागला. एका दुपारी तिच्याकडं बघून म्हणाला, "बेल."

"काय जी?"

"बेल. बेल!"

तिला बरं वाटलं. एक तरी शब्द कळला होता. "आवो, आयकता का?" तिनं खिडकीतून चंपतला हाक मारली. "सायेब बेलफळ मागून राह्यले. पोट बिघडलं असन."

चंपत महादेवाच्या देवळामागून दोन पिकली बेलफळं घेऊन आला. तिनं गर कुस्करला, गूळ घालून सरबत केलं. साहेबानं वाटी बाजूला सारली. लेकराला समजवावं तसं हळू, कानावर बोट ठेवून तो पुन्हा म्हणाला, "बेल." मग तिनं बेलाची पानं वाटून त्याच्या कानशिलांना लेप दिला. साहेबानं डोळे मिटले. त्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. ठणका असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी गोळी पुढं करताच त्यानं दात आवळले आणि तिचा हात झिडकारला.

"घ्या ना जी, बाप्पा," ती काकुळतीला आली. "मराचं हाय काय तुमाले?"

शेवटी चंपतनं त्याचं डोकं धरलं आणि तिनं ओठ फाकवून गोळी आत सरकवली. दुसऱ्या दिवशीही तसंच करावं लागलं. पुढं त्यानं विरोध सोडला. मुकाट तोंड उघडायचा. शहाणा झाला, असं ती चंपतला म्हणाली.

ताप उतरला. साहेब काठी टेकत विहिरीवर आला तेव्हा गिरजाबाईला वाटलं, आपण जग जिंकलं. चंपत मोटेवरच होता. साहेबाला पाहून त्यानं सूर आणखी चढवला.

"चंपत, गाना," साहेब म्हणाला.

चंपत गातच होता.

"गाना!"

चंपतनं बायकोकडं पाहिलं. मग घशाच्या शिरा ताणून, सारी ताकद लावून तो गायला. बैल बुजले, मोट अर्ध्यात थांबली. साहेब पुढं आला. चंपतच्या उघड्या तोंडाकडं तो बघत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू मातीसारखा झाला.

साहेबाला ऐकूच येत नाही, हे गिरजाबाईला एकदम कळलं. तिनं त्याचा हात धरून चंपतच्या गळ्यावर ठेवला. थरथर तरी हाताला लागेल म्हणून. साहेबानं क्षणभर हात तसाच ठेवला. मग काढून घेतला आणि मान हलवली.

मास्तर परतले ते थेट बंगल्यावर आले. पाटीवर लिहून साहेबाशी बोलले. बाहेर आले तेव्हा गिरजाबाई पायरीवर बसली होती.

"बेल मंजे त्याईच्या भाषेत घंटा, गिरजाबाई. कानात घंटा वाजून राह्यल्या, औषध थांबवा, असं सांगत होते ते. कोयनेल लय झालं का कधी कधी कान जातात."

"आन् मी दात उघडून देल्ल्या त्या गोया," ती म्हणाली.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा मास्तरांनी त्याला खडसावून विचारलं. तो चिडला नाही. "औषध थांबवलं असतं तर कदाचित मेला असता. कमी केलं असतं तर कदाचित दोन्ही वाचलं असतं. मला काय माहीत! कान परत येतातही कधी."

कान आले नाहीत. साहेबाला न्यायला अकोल्याहून मोटार आली तेव्हा सारं गाव बंगल्यासमोर जमलं. साहेब गिरजाबाईसमोर उभा राहिला, हात जोडले आणि बोलू लागला. आपला आवाज केवढा होतोय, हे त्याला कळत नव्हतं. तो ओरडत होता. गर्दीतली पोरं खिदळली.

"म्हनतात, या बाईनं माहा जीव वाचवला," मास्तरांनी सांगितलं.

"नका जी. त्याईले म्हना, असं नका बोलू." "त्याईले सांगा..."

मास्तर पाटी घेऊन थांबले. "काय लिवू?"

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. साहेब गाडीत बसला. तिनं पदर तोंडाशी धरला तो धुरळा बसेपर्यंत.

पुढं दुसरी लढाई जुंपली आणि दौलतराव देशमुखांनी बातम्यांसाठी रेडिओ आणला. एका संध्याकाळी मास्तर धावत मळ्यात आले. हार्नेलसाहेबानं बांधलेलं काही लंडनहून लागणार होतं. गिरजाबाई तशीच, मातीच्या हातांनी, देशमुखांच्या ओसरीवर जाऊन टेकली. खरखरीतून सूर येत होते, पुष्कळ वाद्यांचे, कधी खूप हळू. तिला त्यातलं काही उमगलं नाही, पण ती हलली नाही.

"विलायतेत परत गेल्यावर बांधलं म्हनतात हे," मास्तर म्हणाले. "रेडिओवरचं बोलनं तेवढं सुटलं."

"मंग हे त्याईनं आयकलं असन काय?"

"नाही. कसं आयकतीन?"

वाद्यं थांबली. दौलतरावांनी खुंटी पिरगाळून लढाईच्या बातम्या लावल्या आणि खुर्ची पुढं ओढली. गिरजाबाई तरीही बसून राहिली. कोणीतरी तिला दिवेलागण झाल्याचं सांगितलं. मान हलवून ती उठली. ती पायरी उतरताना मास्तरांनी आधाराला हात पुढं केला, तो तिला दिसलाच नाही.