दाराला दोन तारे

पत्त्याचा एक कोपरा कुणीतरी चघळलेला होता. बंद दाराचं चित्र, खाली दोन पिवळे तारे... आणि दाराची मूठ असायला हवी तिथे नुसता ओला पांढरा लगदा. शिंप्याच्या धाकट्या लेकीचे प्रताप, दुसरं काय! वणव्याचा खेळ घ्यायला आलेल्या ताईंनी पत्ता विजारीला पुसला आणि गठ्ठ्यात तळाशी सरकवला, तेव्हा शिंपीणबाई ओशाळून हसल्या. "आगवाल्या ताई, दुसरा काढून देऊ का हो कागदावर?" वर्षभरात या उतारावरच्या वस्तीत तिचं हेच नाव पडलं होतं. अग्निशमन दलातली एवढी नोकरी, एवढं प्रशिक्षण, आणि नाव काय तर आगवाल्या ताई... जणू ती दारोदार आगच विकत फिरते.

तिने वाळूचं घड्याळ उलटं केलं. पाच मिनिटांची वाळू. "वणवा टेकडी उतरतोय, वारा तुमच्याकडे, निघा!" आणि शिंप्याचं अख्खं घर उधळलं. कागदपत्रांची पिशवी, औषधं, पाण्याच्या बाटल्या – आणि धाड, धाड, धाड, दारं. पूर्वी दारं कुणाच्या लक्षातच राहायची नाहीत. सगळं उघडं टाकून लोक अंगणात, आणि मग ती घसा फोडून सांगायची की बंद दार आगीला थोपवून धरतं, येताना ओढून घ्या. लोक माना डोलवायचे, पुढच्या खेळात पुन्हा सताड उघडी. मग तिनेच ही युक्ती काढली, बंद केलेल्या प्रत्येक दाराला दोन तारे. साहेब म्हणाले होते, "तुमच्या डोक्यातून आलं हे? झकास!" आता पोरं दारांवर तुटून पडत होती. तिने टाळ्या वाजवल्या, तारे लिहिले आणि ती बाहेर पडली.

बाहेर वारा सुटला होता. टेकडीपलीकडे दोन दिवस धूर होता, कालपर्यंत राखाडी, आज त्याला खालून पिवळट झाक. सकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला होता – तयार राहा. यानंतरचा निरोप एकाच शब्दाचा असतो. चालता चालता तिची नजर नुसती पन्हळींवर जात होती. या घराच्या पन्हळीत सुकी पानं, त्या घराने सरपण भिंतीला टेकवून रचलेलं... सांगून सांगून जीभ झिजली, पण ऐकतील तर शपथ. हीच तर भीती घेऊन ती रोज उठायची. लोक ऐकत नाहीत, आणि एक दिवस वणवा त्यांना हे ऐकवेल.

आणि तू? तू तरी कुठे खेळलीस?

कारण नियम असा होता की प्रत्येक प्रशिक्षकाने उन्हाळ्याआधी स्वतःच्या घरी हा खेळ घ्यायचा, वेळ लिहायची, सही करून फॉर्म धाडायचा. गेल्या वर्षी तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या 'चार मिनिटं दहा सेकंद' असं ठोकून दिलं होतं. नवरा विजेच्या खात्यात, तारांवर. घरी असतो कधी? आणि आईला त्याच महिन्यात झटका येऊन गेलेला, उजवा हात लुळा पडलेला, तिला इकडे आणून मागच्या खोलीत तिचा पलंग लावण्यातच सगळी धांदल... असो. आज फॉर्मचा शेवटचा दिवस होता. आणि नवरा पहाटेपासून टेकडीवर तारा उतरवत होता.

दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा आई पलंगाच्या काठावर बसून डाव्या हाताने नातीची वेणी घालायचा खटाटोप करत होती. नऊ वर्षांची पोर, पण हाताला लागेल ते साठवून ठेवते म्हणून आजीने तिचं नाव ठेवलं होतं खारूताई. खारूताईला खेळाची सगळी उत्तरं पाठ होती. पत्ते मांडले असते तर तिने एका दमात घडाघडा म्हणून दाखवलं असतं, आणि त्यातून कळलं काय असतं? डोंबल! म्हणून आज ताईंनी ठरवलं, पत्ते नाहीत, घड्याळ नाही, आगाऊ सूचना नाही. जेवणं झाल्यावर ती मुकाट्याने फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तोंडात शिट्टी धरली. आणि का कोण जाणे, फुंकण्याआधी क्षणभर तिला वाटलं, नको.

शिट्टी वाजली.

आत पावलं धावली. काहीतरी पडलं. मग दारं... एक. दोन. ती फोनवरच्या सेकंदांकडे बघत होती आणि कान दारांकडे होते. तीन, चार, आणि जरा थांबून पाच. खारूताई पिशवी छातीशी कवटाळून अंगणात आली, एक वेणी घातलेली, एक सुटलेली, आणि तिने पुढचंही दार, आपलं शहाणं बाळ, ओढून घेतलं. "आई! किती?"

"एक मिनिट बावन्न." तिचा ऊर भरून आला. खोटं कशाला बोलायचं, अगदी भरून आला. सहा दारं, बारा तारे, वस्तीतल्या बत्तीस घरांत कुणी केले नाहीत एवढे... एवढा सगळा हिशेब तिने आधी केला, मनातल्या मनात साहेबांना सांगूनही टाकला. आणि मग, मगच, तिला दिसलं की अंगणात दोघीच आहेत.

पाचवं दार. जरा थांबून लागलेलं.

ती धावली. त्या दाराची मूठ गोल, घट्ट. डाव्या हाताने फिरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून ते दिवसभर उघडं असतं. दिवसभर... मी फोनवर बोलत नसले की. "आजीचं दार ओढून घे गं जरा," हे मीच म्हणते ना, दिवसातून दहा वेळा? साहेबांचा फोन आला की, ऑफिसचा आला की, आईचा खोकला नको म्हणून? पोरीने नवीन काय केलं? तिने मूठ फिरवली.

आई पलंगाच्या काठावर बसली होती. पायात चपला, मांडीवर औषधांचा डबा, काठी हाताशी. अगदी तयार. दाराच्या आतल्या मुठीवर ओल्या बोटांचे ठसे होते.

"आई, हाक का नाही मारलीस?"

"अगं, ओरडले असते तर पोरीचे तारे गेले असते ना," आई म्हणाली. "खेळच तर होता."

ती दाराला टेकून उभी राहिली. खिडकीबाहेर वाऱ्याने वाळकी पानं फरफटत चालली होती. बत्तीस घरं... किती घरांत मागची खोली आहे, किती खोल्यांत कुणीतरी असं शहाण्यासारखं गप्प बसेल, कुणाचा तरी खेळ बिघडू नये म्हणून? आजवर तिला धास्ती होती ती लोक ऐकत नाहीत याची. त्यांनी ऐकलंय. अगदी नीट ऐकलंय, आणि पाठ केलंय, आणि टेकडीपलीकडचा धूर पिवळा झालाय. फोन करायला हवा साहेबांना, आत्ता, याच क्षणी. सांगायला हवं की तारे चुकले, मी चुकले, सगळी घरं पुन्हा फिरायला हवीत. तिने फोन काढला, आणि आईला उठवायला दोन्ही हात लागतात म्हणून परत खिशात टाकला.

दोघी हळूहळू अंगणात आल्या. काठी, पाऊल, काठी, पाऊल.

"बारा ना?" खारूताई उड्या मारत होती. "आई, सांग ना, बारा ना?"

"बाराच्या बारा," आजीने परस्पर निकाल लावून टाकला.

"मग तू इतक्या उशिरा का आलीस?"

"चप्पल सापडेना मेली." आजीने पापणीही लववली नाही. आयुष्यभर लेकीला खरं बोल म्हणून धपाटे घालणारी ही बाई! आणि वर लेकीकडे असं पाहिलं, की खबरदार.

बारा तारे दिले तर ही पोर उद्या खऱ्या धुरातही ते दार ओढून घेईल. आणि का देत नाही ते सांगितलं तर... नऊ वर्षांच्या जिवाने हे कुठे ठेवायचं? जे हाताला लागेल ते साठवणारी पोर आहे, हेही साठवेल, जन्मभर. सांगायलाच हवं. सांगू नये. 

खारूताईच्या उड्या थांबल्या होत्या. ती आजीच्या चपलांकडे बघत होती, मग घराकडे. ओठ हलायला लागले, एकेक बोट दुमडायला लागलं. न्हाणीघर, एक. स्वयंपाकघर, दोन. आईबाबांची खोली, तीन...

बोल काहीतरी, ती स्वतःला म्हणाली, ती पाचापर्यंत पोचायच्या आत बोल. पण ती नुसती पोरीच्या बोटांकडे बघत राहिली, आणि तिला कळेना की आपल्याला नेमकं काय हवंय – पोरीने मोजत राहावं, की चारावरच विसरून जावं.